मागाच्या तेलात नॅनो पावडर टाकायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा २४ मागांचा टॉवेलचा कारखाना. मंगळवेढ्याकडं मामांचा करडईचा घाणा. मागाला आजवर बाजारातलं सुटं खनिज तेल घातलं जातं. ते बुशातून, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीतून, गळतं, फरशीवर सांडतं, शेवटी गटारात जातं, आणि हे तुमच्या मनाला खटकतं. म्हणून घरचं करडईचं तेल वापरायचा विचार आहे. त्यात एका विक्रेत्यानं मॉलिब्डेनम डायसल्फाइडची नॅनो पावडर दाखवली. लिटरला १० ग्रॅम टाका, घर्षण निम्मं होईल, वीजबिल उतरेल, बुश दुप्पट टिकतील, असं त्याचं म्हणणं. टाकावी का, कुठली टाकावी आणि किती?

थेट सांगतो. ही पावडर, एवढ्या प्रमाणात, करडईच्या तेलात, टॉवेलच्या मागाला नको. पण तुमचा मूळ विचार चांगला आहे आणि तो नीट पार पाडता येतो. वंगणाच्या कामात मला २६ वर्षं झाली. सुरुवात मागांच्या देखभालीपासून केली, पुढं तेलं बनवण्यात आणि तपासण्यात गेलो. या काळात नॅनो पावडरीचं कौतुकही पाहिलं आणि त्यापायी खराब झालेले शाफ्टही पाहिले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटारीच्या इंजिनात तेल आत फिरत राहतं, काढून नवं भरता येतं. मागात तसं नसतं. जॉबर (माग दुरुस्त करणारा) किंवा तेलवाला पोरगा कुपी घेऊन फिरतो, बुशाच्या भोकात चार थेंब सोडतो, आणि ते थेंब परत कधी हाती लागत नाहीत. जे तेल शंभर टक्के बाहेर जाणारच आहे, ते मातीत मुरून कुजणारं असावं, ही अपेक्षा रास्त आहे. जैवविघटनाची एक जुनी मान्य चाचणी आहे. तीत २८ दिवसांत ६० टक्क्यांहून जास्त तेल जंतूंनी खाऊन संपवलं, तर ते सहज कुजणारं धरतात. साधी वनस्पती तेलं ही परीक्षा आरामात पास होतात, खनिज तेलं त्यात मागं पडतात. म्हणजे झाडाचं तेल वापरायला मागाइतकी योग्य जागा दुसरी शोधूनही सापडायची नाही.

अडचण आहे ती करडईत.

तेलाच्या रेणूला तीन लांब शेपट्या असतात, त्यांना आपण फॅटी ॲसिड म्हणतो. शेपटीत दुहेरी जोड जितके जास्त, तितका हवेतला ऑक्सिजन तिथं लवकर चावा घेतो. ओलिकमध्ये एक जोड, लिनोलिकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. ऑक्सिजन धरण्याचा वेग मात्र एक-दोन-तीन असा वाढत नाही. ढोबळमानानं तो १, १० आणि २० असा उडी मारतो. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिकच ७५ टक्क्यांच्या आसपास असतं. हृदयाला चांगलं म्हणून डॉक्टर ज्या गुणासाठी हे तेल सुचवतात, तोच गुण मागाच्या बुशात मुळावर येतो. तेल सुकतं. जवसाचं तेल रंगात आणि वॉर्निशमध्ये याच कारणासाठी वापरतात, आणि करडई त्याचीच चुलत बहीण आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शेडमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मालकानं मोठ्या हौसेनं महिनाभर करडईचं तेल घातलं. मे महिना होता, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नव्हतं. चार दिवसांच्या सुट्टीनंतर माग सुरू करायला गेले तर क्रँक हातानं फिरेना. बुश उघडला. शाफ्टवर मधासारखी पिवळट साय बसली होती. नखानं खरवडली तर पापुद्रा निघाला, आणि त्या पापुद्र्यात टॉवेलचं तूस (सुताचे बारीक तंतू) वाळवीच्या घरासारखं गुंफलेलं. रॉकेलमध्ये भिजवून, पितळी पट्टीनं खरवडून दोन दिवस गेले. त्या तेलात जगातली सर्वात उत्तम नॅनो पावडर टाकली असती तरी तीही त्याच सायीत अडकून बसली असती.

म्हणून पावडरीच्या आधी तेलाकडं बघा. यासाठी एक सोपं माप आहे, आयोडीन व्हॅल्यू. दुहेरी जोड जितके जास्त, तितका हा आकडा मोठा. कोणतीही तेलतपासणी प्रयोगशाळा हे काढून देते. जवसाची १७० च्या पुढं, करडईची १४० ते १५०, करंजाची ८० ते ९० च्या आसपास, एरंडाचीही तशीच. मागासाठी १०० च्या आतलं तेल घ्या. ओलिक जास्त असलेले करडईचे वाण आता आले आहेत, त्यांचं तेल वेगळं आणि टिकाऊ असतं. मामा पुढच्या रब्बीत तसं बियाणं लावणार असतील, तर मी आनंदानं ते तेल तपासून देईन. पण आज घाण्यावर येणारं तेल खाण्यासाठीच ठेवा. ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईच्या ओळी लावून जनावरं बाहेर ठेवायची आणि वर्षाचं तेलही घरात यायचं, ही आपली जुनी रीत आहे. ते पीक तिथंच शोभतं.

मागासाठी माझी पसंती करंज आणि एरंड यांच्या मिश्रणाला. करंजाचं तेल कडू, खायच्या कामाचं नाही, म्हणजे कुणाच्या ताटातलं आपण काढून घेत नाही. त्यात ओलिक भरपूर. ४० अंशांना त्याचा दाटपणा ४० सेंटिस्टोक्सच्या जवळपास, म्हणजे जुन्या, थोड्या ढिल्या झालेल्या बुशांना पातळच. एरंडाचं तेल त्याच तापमानाला २५० च्या घरात. तीन भाग करंज आणि एक भाग एरंड मिसळलं की साठच्या आसपास येतं, आणि सोलापूरच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तेवढा दाटपणा लागतोच. एरंडाचा आणखी एक गुण आहे. त्याच्या शेपटीवर मधेच एक हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळं ते धातूला जास्त घट्ट धरतं. विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या सुरुवातीच्या काळात याच तेलाचा मान होता. कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ मध्ये आलं, ते एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच.

आता घर्षणाकडं येऊ. शाफ्ट वेगानं फिरत असेल तर तो स्वतःच तेल ओढून आपल्याखाली गादी तयार करतो आणि धातूला धातू लागत नाही. वेग कमी, भार जास्त असेल तर गादी फाटते. रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्यानं १९०२ मध्ये हे वक्ररेषेनं दाखवलं, आणि आजही वंगणाची पहिली शिकवण हीच. तुमच्या मागाचं गणित करून बघा. ४५ मिलिमीटरचा क्रँक शाफ्ट मिनिटाला १३० फेऱ्या घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम एक फूट सरकतो. त्यात प्रत्येक फेरीला फणीचा ठोका बसतो, पिकिंगचा, म्हणजे धोटा फेकण्याचा, झटका बसतो. म्हणजे तुमचा बुश बराच वेळ फाटक्या गादीवर चालतो. धातूचे उंचवटे एकमेकांना घासतात. नॅनो कणांचं काम असतं ते याच जागी. जिथं तेलाची गादी भरपूर आहे, तिथं कण टाकून काही मिळत नाही.

अशा फाटक्या जागी वनस्पती तेल मुळातच खनिज तेलापेक्षा सरस ठरतं. त्याच्या रेणूचं एक टोक धातूला चिकटतं आणि शेपट्या वर करून तो उभा राहतो, रानात ज्वारीची ताटं दाटीनं उभी असावीत तसा. दोन्ही बाजूंनी अशी ताटं उभी राहिली की धातू धातूला लागत नाही. पण भार आणि उष्णता वाढली की ताटं आडवी होतात. तेव्हा काहीतरी अधिक टणक आधार लागतो.

नॅनो म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कामाचे कण साधारण २० ते १०० नॅनोमीटरचे. चांगल्या ग्राइंडिंग केलेल्या शाफ्टवरचा खडबडीतपणा ०.२ ते ०.४ मायक्रॉन, म्हणजे २०० ते ४०० नॅनोमीटर. म्हणजे कण शाफ्टवरच्या दऱ्यांपेक्षा लहान असतात, त्यात जाऊन बसतात, खड्डे भरतात. गोल कण थोडंफार छर्ऱ्यांसारखं लोळण घेतात, असंही सांगतात. मला हे लोळणं जाहिरातीत जास्त आणि बुशात कमी दिसलं आहे, कारण खऱ्या भाराखाली कण चिरडले जातात, चपटे होतात. जास्त भरवशाचं काम आहे ते थर बनवण्याचं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड, टंगस्टन डायसल्फाइड, ग्राफीन, हेक्झॅगोनल बोरॉन नायट्राइड, हे सगळे पत्त्यांच्या जुडीसारखे. पत्ता पत्त्यावरून सहज घसरतो. घासणाऱ्या जागी हे पत्ते पसरतात, धातूला चिकटतात, आणि घसरण धातूत होण्याऐवजी जुडीत होते. टंगस्टन डायसल्फाइडचे कांद्यासारखे पापुद्र्यांचे गोळे इस्राएलच्या वाइझमन संस्थेत रेशेफ टेने यांच्या गटानं १९९२ मध्ये जगापुढं आणले. ग्राफीन २००४ मध्ये मँचेस्टरमध्ये वेगळं काढलं गेलं, त्यासाठी गाइम आणि नोवोसेलोव्ह यांना २०१० चं नोबेल मिळालं. तेव्हापासून तेलात कण टाकून बघण्याची लाटच आली.

पण त्या प्रयोगांतून एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, आणि ती विक्रेते सांगत नाहीत. पूरक द्रव्यं खनिज तेलात जितकी खुलतात, तितकी वनस्पती तेलात खुलतीलच असं नाही. कारण वनस्पती तेल स्वतःच धातूला चिकटायला धावतं. जागा एकच, तिथं तेलाचा रेणूही बसायला बघतो आणि पूरकही. म्हणून खनिज तेलातले निकाल दाखवून करंजाच्या तेलाची हमी कुणी देत असेल, तर ऐकून घ्या आणि करंजातले निकाल मागा.

तुमच्यासाठी कणाचा रंग आणि कडकपणा या दोन गोष्टी सर्वात महत्त्वाच्या आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइड काळं, ग्राफीन काळं, कॉपर ऑक्साइड गडद तपकिरी ते काळं. साखर कारखान्यात हे चालेल, टॉवेलवर नाही. वनस्पती तेलाचा ताजा डाग कॉस्टिक सोड्याच्या उकळीत साबण होऊन निघून जातो, खनिज तेलाचा तसा जात नाही. झाडाच्या तेलाच्या बाजूनं हा एक मोठा मुद्दा आहे, पण तोही पांढऱ्या मालापुरता. आपल्याकडं बरंचसं सूत आधी रंगवून मग विणतात, विणल्यावर कडक धुलाई होत नाही. डाग तसाच राहतो. आणि काळा कण धाग्याच्या पिळात शिरला तर कुठल्याच धुलाईनं निघत नाही. एका कारखान्यात मी अशी करड्या रेघांची चळत पाहिली आहे. आंघोळीचे फिकट गुलाबी टॉवेल, आणि एकेका टॉवेलच्या किनारीला पेन्सिल फिरवल्यासारखी रेघ. सगळा माल सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात, गेला. बुशाचे वाचवलेले पैसे एका खेपेत गेले.

हेक्झॅगोनल बोरॉन नायट्राइड पांढरंशुभ्र असतं, ग्राफाइटसारखीच रचना म्हणून त्याला पांढरं ग्राफाइट म्हणतात. ते मऊ आहे, रासायनिकदृष्ट्या शांत आहे, तेलाला खराब करत नाही. टॉवेलच्या मागासाठी मला दुसरा कुठलाही कण सुचत नाही.

कडकपणाचं सांगतो. बाजारात ॲल्युमिना आणि सिलिका स्वस्त मिळतात. ॲल्युमिनाचा कडकपणा मोह्स मापावर ९, हिऱ्याच्या एकच पायरी खाली. स्टील विरुद्ध स्टील अशा चाचणीत ते पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करतं आणि आकडे छान येतात. तुमचा बुश मात्र गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा, मऊ. कडक कण मऊ धातूत रुतून बसतात आणि मग तो बुश शाफ्टला कानस लावल्यासारखा घासत राहतो. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायची पेस्ट याच तत्त्वावर काम करते. माझ्या हाताखालच्या एका चाचणीत हे घडलं. ॲल्युमिना मीच सुचवला होता, प्रयोगशाळेतले आकडे बघून. तीन महिन्यांनी बुश जवळपास नवा आणि शाफ्टवर मात्र बोटाला लागेल अशी पायरी. बुश बदलायला एक तास लागतो, शाफ्ट काढायला आख्खा माग उघडावा लागतो. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो.

कॉपर ऑक्साइडबद्दल वेगळी काळजी. तांबं हे तेल विटवणारं उत्प्रेरक आहे. खनिज तेलात त्यानं कदाचित फार बिघडणार नाही, पण दुहेरी जोड असलेल्या वनस्पती तेलात तांब्याचे कण म्हणजे दुधात विरजण. तुमचे बुश तांब्याच्या मिश्रधातूचे आहेत, तेवढं तांबं पुरे.

आता कण तेलात तरंगत ठेवण्याचं. सगळा खेळ इथं जिंकला किंवा हरला जातो. नॅनो कणांना एकमेकांची ओढ फार. पावडर म्हणून पिशवीत येतात तेव्हाच त्यांची ढेकळं झालेली असतात. ५० नॅनोमीटरचा एकटा कण या तेलात वर्षाला काही मिलिमीटरच खाली बसतो, म्हणजे जवळजवळ तरंगतोच. पण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गानं वाढतो. त्याच कणांचं ५ मायक्रॉनचं ढेकूळ झालं की व्यास १०० पट, वेग १०,००० पट. मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या जड पदार्थाचं असं घट्ट ढेकूळ दिवसाला काही इंच खाली येतं. म्हणजे संध्याकाळी ढवळलेली बरणी दुसऱ्या संध्याकाळी वरून रिकामी.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका शेडला असं कण घातलेलं करड्या रंगाचं तेल बनवून दिलं होतं. ड्रिलला पंखा लावून तासभर घुसळलं, छान एकजीव दिसलं. नवव्या दिवशी फोन आला की तेल बुशाच्या भोकातल्या वातीतून उतरत नाही. जाऊन बघितलं तर डब्याच्या तळाशी दोन बोटं काळा गाळ, अगदी नदीकाठच्या गाळासारखा मऊ, आणि डबा संपत आल्यावर पोरानं तोच कुप्यांत भरला होता. वर नुसतं तेल, खाली पन्नास पट कण. पहिल्या मागांना काहीच मिळालं नाही आणि शेवटच्या मागांच्या वाती बुजल्या.

म्हणून कोरडी पावडर घेऊन घरी मिसळू नका. मिक्सर, ड्रिल, ताक घुसळायची रवी, यांच्यात ढेकळं फोडण्याची ताकद नसते. उलट हवा आत जाते आणि तेल लवकर विटतं. ढेकळं फोडायला अल्ट्रासॉनिक प्रोब लागतो, आणि फुटलेले कण परत चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलिक ॲसिडसारखा वेष्टनाचा थर चढवावा लागतो. हे काम कारखान्यात झालेलं, एस्टर किंवा वनस्पती तेलात आधीच पसरवलेलं दाट मिश्रण विकत घ्या. घेताना कणांच्या आकाराचा अहवाल मागा, आणि तो पावडरीचा नको, तेलात पसरवल्यानंतरचा हवा. तयार तेल उंच काचेच्या नळीत भरून महिनाभर खिडकीपासून दूर, न हलवता ठेवा. मागून टॉर्च मारून रोज बघा. वर पारदर्शक पट्टा दिसायला लागला की समजायचं, ढेकळं होत आहेत.

प्रमाणाबद्दल विक्रेत्याचे १० ग्रॅम म्हणजे वजनानं एक टक्क्याहून थोडं जास्त. अशा बहुतेक चाचण्यांत झीज सर्वात कमी होण्याचं प्रमाण ०.०५ ते १ टक्क्याच्या दरम्यान कुठंतरी सापडतं, आणि पुष्कळदा त्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला. त्यापुढं कण वाढवले की ढेकळं वाढतात आणि झीज परत चढते. मिठासारखं आहे, चिमूटभर कमी चालेल, मूठभर जास्त नाही. बोरॉन नायट्राइडचं लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करा. २ ग्रॅमच्या वर जायचं कारण मला दिसत नाही.

विक्रेता जो तक्ता दाखवतो तो बहुधा फोर-बॉल चाचणीचा असतो. १२.७ मिलिमीटरचे तीन स्टीलचे छर्रे घट्ट बसवलेले, चौथा वर फिरतो. ४० किलोचा भार, ७५ अंश, मिनिटाला १२०० फेरे, एक तास. मग खालच्या छर्ऱ्यांवर पडलेल्या गोल डागाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मी असे शेकडो डाग पाहिले आहेत. नुसत्या करंज तेलाचा डाग नांगरलेल्या रानासारखा, समांतर चऱ्यांचा. चांगलं पसरवलेलं बोरॉन नायट्राइड असेल तर चऱ्या उथळ होतात, मधे मधे चकचकीत पट्टे दिसतात. ही चाचणी उपयोगाची आहे, पण ती वाचायची कशी ते समजून घ्या. झिजलेल्या धातूचं आकारमान व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणं बदलतं. व्यास ०.६० वरून ०.४८ मिलिमीटरवर आला तर तक्त्यात २० टक्के घट दिसते, पण झीज सुमारे ५९ टक्क्यांनी कमी झालेली असते. उलट व्यासात ३ टक्क्यांचा फरक बऱ्याचदा मोजणाऱ्याच्या नजरेचा असतो. आणि मुख्य म्हणजे तिथं स्टीलवर स्टील घासतं, तुमच्याकडं गनमेटलवर. शिवाय घर्षण कमी झालं म्हणजे झीज कमी झालीच, असंही नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या मोजाव्या लागतात.

वीजबिलाची आशा सोडा. मागाच्या मोटरची बरीचशी ताकद अर्ध्या किलोच्या आसपासचा धोटा सेकंदाला दोनदा फेकण्यात आणि तेवढ्याच वेळा थांबवण्यात, फणी धरणारी जड चौकट पुढंमागं हलवण्यात जाते. बुशातलं घर्षण निम्मं झालं तरी बिलावर ते जाणवणार नाही. खरा फायदा बुश, टॅपेट आणि पिकिंगच्या सांध्यांच्या आयुष्यात आहे.

जाता जाता साखर कारखान्यांचा उल्लेख करतो, कारण जिल्ह्यात ते इतके आहेत. गाळपाच्या रोलरची बेअरिंगं मिनिटाला चार-सहा फेऱ्यांनी फिरतात, भार प्रचंड, तेलाची गादी बनण्याचा प्रश्नच नाही, आणि वापरलेलं वंगण बाहेरच पडतं. नॅनो कण घातलेल्या एरंडाच्या दाट वंगणाची खरी कसोटी तिथं लागेल. काळा रंगही तिथं आड येत नाही, फक्त रसात जाणार नाही अशी सील हवी. माझा जीव त्या कामात जास्त आहे, पण तुमचा प्रश्न मागाचा आहे.

तर तुमच्यासाठी एक लिटरचा हिशेब. शुद्ध केलेलं करंज तेल पाऊण लिटर. कच्चं घेऊ नका, त्यात मोकळी आम्लं खूप असतात आणि ती गनमेटलवर हिरवट गंज आणतात. आम्लांक १ च्या आत आहे असा दाखला घ्या. एरंड तेल पाव लिटर. बीएचटी हे ऑक्सिडेशनरोधक ५ ग्रॅम, साठेक अंशांच्या थोड्या तेलात आधी विरघळवून. तांब्याला जपणारं, तेलात विरघळणारं ट्रायझोल अर्धा ग्रॅम. एवढंच करून पहिला महिना चालवा, नॅनोशिवाय. हा टप्पा गाळू नका. माझ्या अनुभवात सुधारणेचा मोठा वाटा इथंच हाती लागतो, आणि तोही कमी पैशांत. याहून टिकाऊ तेल हवं असेल तर रेणूच बदलावा लागतो. ग्लिसरीन काढून त्या जागी ट्रायमिथायलॉल प्रोपेन बसवलेले एस्टर मिळतात, देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत वनस्पती तेलांपासून अशी वंगणं बनवण्यावर बरीच वर्षं काम चाललं आहे. पण मागाला तेवढा खर्च झेपणारा नाही आणि गरजेचाही नाही.

दुसऱ्या महिन्यात चार माग निवडा, सारख्या वयाचे, सारखी क्वालिटी विणणारे. दोन नुसत्या तेलावर, दोन बोरॉन नायट्राइडच्या तेलावर. सुरुवातीला चारही मागांना नवे बुश टाका आणि डायल गेजनं शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) मोजून वहीत लिहा. आठवड्यातून एकदा, दुपारच्या एकाच वेळी, इन्फ्रारेड गननं बुशाचं तापमान घ्या. बुशाभोवतीचं तूस रोज पुसायला लावा, कारण तूस तेल शोषतं आणि त्याबरोबर कणही. कोणत्या कुपीत कोणतं तेल, हे जॉबरला सांगू नका, कुप्यांना फक्त वेगळ्या रंगाची टेप लावा. चांगला माणूसही नव्या तेलाच्या मागाकडं जरा जास्त लक्ष देतो.

कोरडी नॅनो पावडर घरी येणारच नसली तरी एक खबरदारी सांगून ठेवतो. कुणी नमुना म्हणून पिशवी दिली तर शेडमध्ये पंख्याखाली उघडू नका. हे कण श्वासातून फुप्फुसात खोल जातात. टायटॅनियम डायऑक्साइडसारखी रोजच्या रंगात वापरली जाणारी पावडरसुद्धा श्वासातून गेल्यास कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत मोडते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं धरलं आहे. तेलात भिजलेले कण उडत नाहीत, म्हणूनही तयार मिश्रण बरं. आणि झिंक किंवा कॉपर ऑक्साइड गटारातून पुढं पाण्यात गेलं तर जलचरांना घातक असतं. गटाराच्या काळजीनं तुम्ही हा विचार सुरू केलात, तेव्हा कुजणाऱ्या तेलात असे कण घालायचे नाहीत.

एक काम आजच करता येईल. पत्र्याच्या तीन पट्ट्या घ्या, सॅंडपेपरनं घासा. एकीवर मामांच्या घाण्याचं करडईचं तेल, दुसरीवर करंज-एरंड, तिसरीवर बीएचटी घातलेलं करंज-एरंड, बोटानं पातळ पसरवा आणि शेडच्या छपरावर उन्हात ठेवा, वरून धूळ बसू नये म्हणून काच टेकवून. आठ दिवसांनी तिन्ही पट्ट्यांवर अंगठा टेकवून उचला. कुठली पट्टी अंगठ्याबरोबर वर येते ते बघा आणि मला कळवा. सोबत सध्याच्या तेलाचा पाव लिटर नमुना आणि झिजलेला एक क्रँक बुश न पुसता, कागदात गुंडाळून पाठवा. बुशाच्या कुठल्या बाजूला झीज आहे त्यावरून, दोष तेलाचा आहे की शाफ्टच्या अलाइनमेंटचा, ते आधी ठरवू.